नदीचा श्वास कोणाच्या हाती?

ज्या विषयाचा उच्चार सभ्य समाजात टाळला जातो, त्याच विषयावर आज आमच्या पत्राच्या पहिल्या पानावर लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. विषय आहे माणसाच्या मैल्याचा. सकाळी उठून प्रत्येक नागरिक संडासातील साखळी ओढतो किंवा कळ दाबतो, पाण्याचा लोट खळाळून जातो आणि आपल्यापुरते ते प्रकरण मिटले असे तो समजतो. वस्तुतः ते प्रकरण तेथे मिटत नाही, तेथूनच सुरू होते. मैला घराबाहेर गेला म्हणजे जगाबाहेर गेला असे नव्हे. तो कोणाच्या तरी दारी जातो, आणि ते दार बहुधा आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाचे असते.

पुण्यापुरते बोलावयाचे तर ते दार कोणाचे हे शोधण्यास फार दूर जावयास नको. मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येतात, पुढे भीमेस मिळतात, आणि भीमेचे पाणी उजनीच्या धरणात साठते. त्या पाण्यावर सोलापूर शहराची तहान भागते, हजारो एकर ऊस उभा राहतो, आणि धरणाच्या खाली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. ज्येष्ठात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात आल्या की आम्ही पुणेकर रांगोळ्या घालतो, वारकऱ्यांचे पाय चेपतो, त्यांना पिठले-भाकरी वाढतो. आणि त्याच वारकऱ्यांच्या वाटेवर, त्यांच्या आधी, आपल्या नळ्यांतील घाण आपण नदीबरोबर रवाना केलेली असते! हे आतिथ्य कोणत्या जातीचे म्हणावे?

ही घाण नेहमी खालच्या गावालाच भोवते असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘गिलन-बॅरे’ या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. चालती-बोलती माणसे काही दिवसांत अंथरुणास खिळली, कित्येकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा आतड्यांना बाधा करणारा जंतू आढळला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. मैला आणि पिण्याचे पाणी यांमधील भिंत किती पातळ आहे याचा तो धडा होता. धडे लवकर विसरण्यात मात्र आपला हातखंडा आहे.

या प्रश्नावर बोलताना ‘जंतू’ हा शब्द आपण शत्रुवाचक म्हणूनच वापरतो. आज आम्हांस त्या शब्दाची दुसरी बाजू वाचकांपुढे मांडावयाची आहे. मैल्यातून रोगजंतू येतात हे खरे. परंतु त्या मैल्याचे निर्मळ पाण्यात व निरुपद्रवी मातीत रूपांतर करणारेही जंतूच असतात. आपल्या शहराचे आरोग्य त्यांच्या श्रमावर उभे आहे. आणि हे सेवक मागतात तरी काय? पगार नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. ते मागतात फक्त हवा.

वाहते पाणी निर्मळ का?

शिक्षकी पेशात असताना ‘वाहते पाणी निर्मळ’ हे वाक्य आम्ही मुलांना अनेकदा उतरवून घ्यावयास दिले. एकदा एका मुलाने विचारले, “गुरुजी, वाहिल्याने पाणी कसे काय स्वच्छ होते? घाण जाते कुठे?” त्या वेळी आम्ही त्यास काहीतरी सांगून खाली बसविले, कारण उत्तर आम्हांसच ठाऊक नव्हते. आज ते देणे आम्ही फेडतो.

पाणी वाहिल्याने स्वच्छ होत नाही; वाहताना त्यात हवा मिसळते आणि त्या हवेतील प्राणवायू घेऊन पाण्यातील जिवाणू घाण खाऊन टाकतात म्हणून ते स्वच्छ होते. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू पाझरत ठेवले. काही दिवस काहीच घडले नाही. सुमारे तीन आठवड्यांनी पाझरून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन त्या जागी नायट्रेट हा क्षार दिसू लागला. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया तत्काळ थांबली. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावर बागेतल्या मातीचे धुवण त्यात घातले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. वाळूला गुंगी येत नाही, चुनखडीला झोप लागत नाही. तेव्हा हे काम करणारे कोणी जिवंत असले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. शाळेतल्या पोरासही पटेल असा हा पुरावा!

परंतु नदीच्या या शक्तीला मर्यादा आहे. एक लिटर पाण्यात आपल्याकडील उष्णतेत जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. उलट, घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरातील घाण पचविण्यास जिवाणूंना साधारणतः दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. शहराचे सर्व सांडपाणी तसेच नदीत सोडले म्हणजे नदीतील जिवाणू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू पाहता पाहता संपवितात, मासे गुदमरून मरतात, आणि नंतर जे जिवाणू हवेवाचून जगतात त्यांचे राज्य सुरू होते. पाणी काळे पडते, कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. नदी मेली असे आपण म्हणतो ते नुसते अलंकारिक बोलणे नव्हे. तिचा श्वास खरोखरच कोंडलेला असतो.

बाटलीतून टाकीत

तेव्हा प्रश्न उरला तो एवढाच, की जे काम नदीने मैलोगणती वाहत करावे ते शहराच्या वेशीवर, थोड्या जागेत व थोड्या तासांत कसे उरकावे? त्याचे उत्तर १९१४ साली इंग्लंडातील मँचेस्टर शहरी मिळाले. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे तेथील डेव्हिहल्म मैलाशुद्धी केंद्रात काम करीत. सांडपाणी बाटल्यांत भरून, त्यांवर उजेड पडू न देता, ते त्यांतून हवेचे बुडबुडे सोडीत. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. एवढ्या विलंबाचा शहराला काय उपयोग? पण त्यांनी एक गोष्ट निराळी केली. वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले आणि तळाशी बसलेला गाळ टाकून न देता त्याच बाटलीत नवे सांडपाणी घातले. असे वारंवार केल्यावर तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. इतरांनी ज्यास गाळ म्हणून फेकले, तो गाळ नसून जिवाणूंची वसाहत होती! कालच्या ताकाने आज दूध विरजणारी आपल्या घरची कोणतीही गृहिणी या शोधाचे मर्म एका वाक्यात सांगू शकेल.

या दोघांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे पुढे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. म्हणजे ही विद्या आपल्या देशात येऊन शंभरांहून अधिक वर्षे झाली. १९५८ पासून नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था काम करीत आहे. तेव्हा ज्ञान नव्हते ही सबब पुढे करण्याची सोय आपणांस उरलेली नाही.

आजच्या शुद्धी केंद्रात काय घडते ते थोडक्यात पाहू. चिंध्या, प्लॅस्टिक, वाळू काढून टाकल्यावर सांडपाणी मोठ्या टाकीत येते. तेथे ब्लोअर नावाच्या पंख्यांनी तळातून अहोरात्र हवा सोडली जाते. त्या खळबळत्या पाण्यात अब्जावधी जिवाणू विरघळलेली घाण शोषून घेतात. तिचा काही भाग जाळून ते जगण्याची शक्ती मिळवितात, आणि त्यातून कर्बवायू व पाणी बाहेर पडते. उरलेल्या भागातून नवे जिवाणू जन्मतात. हे जिवाणू सुटे राहत नाहीत. चिकट द्रवाने एकमेकांस बिलगून त्यांचे तपकिरी पुंजके होतात, आणि हाच त्यांचा मोठा उपकार. कारण पुंजका जड असल्याने पुढच्या शांत टाकीत तो तळाशी बसतो व वर स्वच्छ पाणी राहते. तळातील जिवंत गाळाचा मोठा भाग पुन्हा पहिल्या टाकीत कामावर पाठवितात आणि वाढीव तेवढा काढून घेतात. पुंजक्यांभोवती देठावर डोलणारे सूक्ष्म प्राणीही असतात. ते सुटे भटकणारे जंतू टिपून खातात आणि पाणी अधिक निवळ करतात.

या कारखान्यात आणखी एक वर्ग आहे, फार हळू वाढणाऱ्या कुशल कारागिरांचा. त्यांपैकी एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया माशांना विषारी असतो व नदीतला प्राणवायू खातो, म्हणून हे काम महत्त्वाचे. परंतु हे कारागीर मोठे नाजूक. हवा कमी पडली, तीव्र आम्ल किंवा विषारी रसायन आले, की तेच प्रथम काम टाकतात; आणि एकदा मेले म्हणजे त्यांची वसाहत पुन्हा उभी राहण्यास दिवस नव्हे, आठवडे लागतात.

अर्थात या जिवाणूंवर सर्व भार टाकून चालत नाही हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या हातून रोगजंतूंची संख्या पुष्कळच घटते, पण ती शून्य होत नाही. म्हणून शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणांची जोड द्यावी लागते. पण घाणीने भरलेल्या पाण्यात क्लोरीनही फुकट जातो. आधी जिवाणूंचे काम पुरे व्हावे लागते, मग औषधाचे.

रात्री काय घडते?

आता आपण मूळ दुखण्याकडे येऊ. अशा केंद्राच्या विजेच्या खर्चापैकी निम्मा किंवा त्याहून अधिक भाग केवळ हवा सोडण्यावर जातो. म्हणून काटकसर करावयाची झाली की पहिला हात पडतो तो ब्लोअरच्या बटनावर.

शहरातल्या एका मोठ्या गृहसंकुलात काही महिन्यांपूर्वी आम्ही गेलो होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील रहिवासी इतरांहून वाईट नाहीत. संकुलास स्वतःचे शुद्धी केंद्र होते, दारावर सुबक पाटीही होती. आत गेलो तो सर्वत्र शांतता. टाकीवर काळसर साय धरलेली, आणि नाकाला पदर लावावा असा वास. तेथील कामगाराने संकोचाने सांगितले, “साहेब, रात्री दहाला बंद करतो, सकाळी चालू करतो. बिल वाचतं म्हणून समितीनंच सांगितलंय.” त्या बिचाऱ्यास दोष कसा द्यावा? दुसऱ्या दिवशी सकाळी हवा पुन्हा सुरू होई आणि रात्रभर गुदमरलेल्या, निम्म्या मेलेल्या वसाहतीने पूर्ण दिवसाचे काम करावे अशी अपेक्षा असे. तपासनीस दिवसा येत असत, पाणी दिवसा तपासले जात असे. रात्री जे ओढ्यात जाई त्याची नोंद कोण ठेवणार? समितीने विजेचे पैसे वाचविले खरे. पण ते वाचले नाहीत, खालच्या गावच्या नावे खर्ची पडले.

एका संकुलाची ही गोष्ट देशाच्या आकड्यांतही वाचता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार भारतातील शहरांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेली क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटरांची. आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे निर्माण होणाऱ्या सांडपाण्यापैकी जेमतेम २८ टक्के! केंद्रे कमी आहेत ही गोष्ट सर्वांना दिसते. पण जी उभी आहेत त्यांचीही एक तृतीयांशाहून अधिक शक्ती कामाविना पडून होती, ही गोष्ट आम्हांस अधिक लाजिरवाणी वाटते. पैशाचा अभाव ही पहिल्या दोषाची सबब होऊ शकेल. दुसऱ्या दोषास ती चालणार नाही.

पुण्यात मुळा-मुठेसाठी जपानी साहाय्याचा करार २०१६ साली झाला. त्यात ११ नवी केंद्रे व दररोज ३९६ दशलक्ष लिटरांची नवी क्षमता योजिली होती. प्रत्यक्ष कामाची कोनशिला बसण्यास २०२२ साल उजाडले. या सहा वर्षांत नदीत काय काय गेले याचा हिशेब कोणी मागितला नाही. केंद्रे उभी राहिली पाहिजेत यात शंका नाही. पण कोनशिलेस हार पडतो त्या दिवशी काम संपत नाही. टाकी सिमेंटची असते. काम करणारे जिवंत असतात. पूल एकदा बांधला म्हणजे तो उभा राहतो. जिवाणूंची वसाहत मात्र रोज खाऊ घालून, रोज श्वास देऊन सांभाळावी लागते. ती गोठ्यासारखी आहे, पुतळ्यासारखी नव्हे.

हवा नसते तेथे

हवेचे मोल पैशात करणाऱ्यांनी दुसऱ्या एका जागी डोकावून पाहावे. बंद गटारात आणि सेप्टिक टाकीत हवा नसते. तेथे निराळ्या जातीचे जिवाणू काम करतात आणि त्यांच्या कामातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू निघतो. थोडा असता त्याचा वास येतो. फार झाला म्हणजे नाकाची जाणीवच बधिर होते आणि उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्यास काढण्यासाठी दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. अशा बातम्या आम्ही आमच्याच पत्रात किती वेळा छापल्या, त्याची गणती करताना मान खाली जाते. माणसास गटारात उतरविण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंबद्दल १० लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती ३० लाखांवर नेली. तरी माणसे उतरतच आहेत. आणि ती कोणत्या जातींतली असतात हे का सांगावयास हवे? या मृत्यूंस ‘अपघात’ म्हणणे आम्हांस मान्य नाही. बंद टाकीत कोणता वायू असतो हे ज्यास ठाऊक आहे त्याने माणूस आत पाठविला, तर त्यास अपघात म्हणत नाहीत.

काय व्हावे?

टीका करून थांबणे हे पत्रकाराचे अर्धेच काम. आमच्या मागण्या थोड्या व साध्या आहेत. प्रत्येक शुद्धी केंद्राच्या दारी, लोकांस वाचता येईल अशा अक्षरांत, हवेच्या टाकीतील विरघळलेल्या प्राणवायूचा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या शुद्धतेचा आकडा रोज लिहिला जावा. टाकीत लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम प्राणवायू सदैव राहावा हा सामान्य नियम आहे; तो सातवीतल्या मुलासही समजेल. तपासणी रात्रीही व्हावी, आणि ती न कळविता व्हावी. प्रत्येक केंद्रात एक सूक्ष्मदर्शक आणि तो वापरता येणारा माणूस असावा. जिवाणू आजारी आहेत हे यंत्राच्या आवाजावरून कळत नाही. वीज गेली तरी ब्लोअर बंद पडू नयेत अशी सोय असावी. जेथे जागा आहे तेथे शेवाळाकडून प्राणवायू मिळविणारी उथळ तळी बांधावीत. त्यांस वीज फारच थोडी लागते. आणि पुण्याच्या केंद्रांवर देखरेख करणाऱ्या समितीत सोलापूर व पंढरपूरचा एकेक प्रतिनिधी असावा. ज्यास ते पाणी प्यावे लागते त्याच्याहून दक्ष तपासनीस कोठे मिळणार?

नागरिकांकडेही आमचे मागणे आहे. मोरीत ॲसिडच्या बाटल्या ओतणे, तळणीचे तेल, औषधांच्या उरलेल्या गोळ्या आणि रंगांचे डबे नळीत रिकामे करणे बंद करा. आपली मोरी चकचकीत करणारे ते ॲसिड पुढे त्या मुक्या सेवकांच्या अंगावर पडते. आणि संकुलाच्या सभेत देखभालीचा खर्च मांडला गेला म्हणजे फुलझाडांच्या आणि दिव्यांच्या रोषणाईच्या आधी ब्लोअरच्या विजेबद्दल विचारा.

आपल्या भाषेने मैल्याच्या खताला ‘सोनखत’ हे नाव देऊन ठेवले आहे. ज्या शेतकऱ्याने ते दिले त्याने शास्त्र वाचले नसेल, पण घाण आणि धन यांत अंतर एका पावसाळ्याचे असते हे त्याने पाहिले होते. नीट रचलेल्या, हवा खेळत्या ढिगात जिवाणूंच्या कामाने ५५ अंशांवर उष्णता चढते, रोगजंतू व जंतांची अंडी मरतात आणि काळी, सुगंधी माती उरते. कोकणात कणकवलीच्या गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य वेचून हेच दाखविले, की मैल्याची शिसारी माणसाच्या शिसारीत बदलू द्यावयाची नसेल, तर त्याची व्यवस्था शास्त्राने व स्वतःच्या हाताने करावी लागते. गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला तोही याचसाठी.

त्या वर्गातल्या मुलाला आज उत्तर द्यावयाचे झाले तर आम्ही एवढेच सांगू: बाळ, घाण कोठेही जात नाही; तिला कोणीतरी खाऊन टाकावे लागते. ते काम करणारे तयार आहेत, आणि हजारो वर्षे तयारच होते. त्यांच्या श्वासाचे बटन मात्र आपल्या हाती आहे. ते रात्री दहाला बंद करावयाचे की नाही, याचा निर्णय या शहराने आता उजेडात बसून घ्यावा.